तान्ह्या बाळाचा निखळलेला खुबा (डीडीएच): कधी, काय आणि कसं बघायचं

सांधेसुधे
बाळाच्या वाकड्या पायांच्या धाग्यावर खुब्याचे प्रश्न येत राहिले आणि मूळ विषय बाजूला पडला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात वाटी आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा. तान्ह्या बाळात हे दोन्ही बरेचसे कूर्चेचेच असतात. गोळा वाटीत नीट बसून राहिला तरच वाटी खोल होते. तो बाहेर राहिला की वाटी उथळ राहते, आणि वाटी उथळ राहिली की गोळा आणखी सरकतो. पहिल्या सहा महिन्यांत हे चक्र मोडणं सगळ्यात सोपं. पुढे उशीर होईल तसा उपाय मोठा होत जातो: आधी पट्टा, मग भूल देऊन प्लास्टर, मग शस्त्रक्रिया.

नुसती उथळ वाटी, सैल सांधा, अर्धवट सरकलेला गोळा आणि पूर्ण निखळलेला खुबा हे सगळं डीडीएचमध्ये (डेव्हलपमेंटल डिस्प्लेझिया ऑफ द हिप, म्हणजे खुब्याची सदोष वाढ) मोडतं. हजार बाळांमागे पूर्ण निखळलेले खुबे एक-दोनच सापडतात, पण जन्मतः सैल असलेले खुबे त्याहून कितीतरी जास्त असतात. इंग्लंडातल्या सॅलफर्डच्या बार्लोने १९६२ साली मांडलेल्या अभ्यासात साधारण ६० बाळांत एकाचा खुबा सैल निघाला होता. त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्याच आठवड्यात आणि ८८ टक्के दोन महिन्यांत आपोआप घट्ट झाले. म्हणून पहिल्या दिवशी खुबा जरा सैल लागला तर घाबरायचं नाही आणि विसरायचंही नाही, पुन्हा तपासायचा.

धोका कोणाला जास्त? पायाळू बाळ (सिझेरियन झालं तरी धोका जात नाही, कारण पोटात ते त्याच स्थितीत बसलेलं होतं), मुलगी, पहिलं मूल, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा त्रास असणं, गर्भजल कमी असणं. मान एका बाजूला आखडलेली असेल किंवा पाऊल आत वळलेलं असेल, तर खुबा मुद्दाम तपासायचा. डावा खुबा जास्त सापडतो. पोटात बहुतेक बाळांचा डावा पाय आईच्या कण्याला टेकलेला असतो आणि मांडी आत दाबली जाते, हे त्याचं कारण मानतात.

आणि मुख्य गोष्ट, हे दुखत नाही. बाळ रडत नाही, पाय हलवतं, वेळेवर पालथं पडतं, रांगतंसुद्धा. म्हणून घरात कोणाला शंका येत नाही.

गावरान_शेव
चांगला धागा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (आरबीएसके) जन्मजात दोषांच्या यादीत डीडीएच आहे. आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या असतात. संशय आला तर बाळ जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, हाही मार्ग आहे. अडचण अशी की प्रशिक्षणात मांडीच्या वळ्यांवरच सगळ्यांचं लक्ष जातं. दोन मांड्यांच्या वळ्या सारख्या नाहीत म्हणून पाठवलेली बहुतेक बाळं नॉर्मल निघतात. घरभेटीत नेमकं काय बघायला सांगावं?

सांधेसुधे
@गावरान_शेव, वळ्या हे सगळ्यात कच्चं लक्षण. धडधाकट बाळांतही त्या सर्रास कमीजास्त असतात. नुसत्या वळ्यांवरून निदान होत नाही, आणि वळ्या सारख्या असल्या म्हणून खुबा ठीक असंही नाही.

घरी बघण्यासारख्या गोष्टी दोन. बाळ दूध पिऊन शांत असताना, लंगोट काढून, कठीण सपाट जागेवर उताणं. दोन्ही गुडघे दुमडून पावलं टेकवा आणि पायांकडून गुडघ्यांची उंची बघा. एक गुडघा खाली दिसला तर त्या बाजूचा खुबा मागे सरकलेला असू शकतो (गॅलिआझीची खूण). मग मांड्या काटकोनात ठेवून दोन्ही गुडघे हळूच बाहेर पाडा. एक मांडी दुसरीपेक्षा ठळक कमी उघडत असेल, किंवा दोन्ही ६० अंशांच्या पुढे जात नसतील, तर पाठवा. तीन महिन्यांनंतर सगळ्यात भरवशाचं लक्षण हेच.

दोन्ही खुबे निखळलेले असले की फसगत होते. दोन्ही गुडघे एकाच उंचीवर, उघडणंही सारखंच कमी, तुलना करणार कशाशी? तिथे क्लिसिकची रेषा बघतात. मधलं बोट मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर, तर्जनी कमरेच्या पुढच्या टोकावर. दोन्हींतून जाणारी रेषा नॉर्मल बाळात बेंबीकडे किंवा तिच्या वर जाते. ती बेंबीच्या खाली जात असेल तर गोळा वर सरकलाय.

खटपट्या
ऑर्टोलानी आणि बार्लो या हाताने करायच्या तपासण्या घरी करून बघायला काय हरकत आहे? व्हिडिओ ढिगाने आहेत.

सांधेसुधे
हरकत आहे. बार्लोच्या तपासणीत मांडी आत आणून हलक्या दाबाने गोळा मागे ढकलून बघतात, म्हणजे मुद्दाम निसटतोय का ते पाहतात. बिनसरावाच्या हाताने पुन्हा पुन्हा केली तर सैल सांधा आणखी सैल होतो. ऑर्टोलानी उलटी: अंगठा मांडीच्या आतून, बोटं बाहेरच्या उंचवट्यावर, मांडी उघडत बोटांनी गोळा पुढे उचलायचा. निखळलेला गोळा वाटीच्या कडेवरून आत येताना हाताला जड 'धप्' जाणवतं. बारीक 'टिक' वाजणं वेगळं. ते बहुतेक वेळा स्नायूंवरच्या पडद्यांचं किंवा गुडघ्याचं असतं आणि एकट्याने त्याला अर्थ नसतो. हातात दोन्हींचा फरक बसायला बरीच बाळं तपासावी लागतात.

शिवाय दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आखडतात, गोळा आत-बाहेर होईनासा होतो आणि निखळलेला खुबासुद्धा ऑर्टोलानीला 'नॉर्मल' येतो. चौथ्या महिन्यात कोणी हीच तपासणी करून 'ठीक आहे' म्हटलं तर समाधान मानू नका.

ध्वनिलहरी
सोनोग्राफीबद्दल लिहितो. एक्स-रेमध्ये गोळ्याचं हाड ४ ते ६ महिन्यांच्या सुमारास दिसू लागतं. त्याआधी कूर्चा दिसत नसल्यामुळे एक्स-रे बराचसा आंधळाच, म्हणून चार महिन्यांपर्यंत सोनोग्राफी. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफने १९८०च्या सुमारास ही पद्धत बसवली.

वेळ: तपासणीत खुबा निखळलेला किंवा ऑर्टोलानी पॉझिटिव्ह असेल तर थांबायचं नाही, लगेच अस्थिरोगतज्ज्ञ. तपासणी नॉर्मल पण पायाळू किंवा घरात इतिहास असेल तर सहाव्या आठवड्याच्या आसपास. त्याआधी केली तर नैसर्गिक ढिलेपणा 'दोष' म्हणून दिसतो आणि विनाकारण पट्टे लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात दिवस मूळ तारखेपासून मोजा.

आता रिपोर्ट. 'दोन्ही खुबे नॉर्मल' एवढं एक वाक्य मला पुरेसं वाटत नाही. अल्फा कोन (वाटीचं हाडाचं छत किती पक्कं ते दाखवणारा) दोन्ही बाजूंचा अंशांत, ग्राफचा प्रकार, गोळ्याचा किती भाग हाडाच्या छताखाली आहे, आणि हलवून पाहिल्यावर स्थिर आहे की नाही, हे लिहिलेलं हवं. अल्फा ६० किंवा जास्त म्हणजे पक्का. ५० ते ५९ आणि वय तीन महिन्यांच्या आत असेल तर बहुधा नुसता अपक्व (२अ), पुन्हा बघायचा. तोच आकडा तीन महिन्यांनंतर (२ब) आला तर दोष. ४३ ते ४९ (२क, आणि गोळा निसटू लागला असेल तर डी) ला उपचार लागतो. त्याखाली ३ आणि ४, म्हणजे निखळलेला.

मोजण्यात चूक कुठे होते? प्रोब तिरका धरला की चांगला खुबाही उथळ दिसतो. चित्रात कमरेच्या इलियम हाडाची कड सरळ आडवी दिसली पाहिजे, तिचं खालचं टोक वाटीच्या तळाशी स्पष्ट हवं आणि लॅब्रम (वाटीच्या कडेची कूर्चा) दिसलं पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी दिसत नसेल तर तो कोन मोजूच नये. रिपोर्टसोबत छापलेलं चित्र आणि त्यावरच्या रेषा मागून घ्या, तुमच्या डॉक्टरांना त्या लागतील.

मावळतीचा_वारा
सगळ्याच बाळांची सोनोग्राफी का करत नाहीत? ऑस्ट्रियात १९९२पासून आणि जर्मनीत १९९६पासून सरसकट करतात.

ध्वनिलहरी
सरसकट केल्याने उशिरा सापडणारे खुबे कमी होतात, ते खरं. पण मध्यम आकड्यांची बाळं खूप सापडतात आणि त्यातली बरीच आपोआप सुधारणारी असतात. त्यांना पट्टा लावायचा की नाही यावर आजही वाद आहे. आपल्याकडे तर अल्फा कोन नीट मोजणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळणंच मुश्किल. चुकीच्या चित्रांचा ढीग करण्यापेक्षा प्रत्येक बाळाची हाताने तपासणी, जन्मल्यावर आणि प्रत्येक लसीच्या वेळी, चालू लागेपर्यंत, आणि धोक्याच्या बाळांची सोनोग्राफी, हे मला जास्त पटतं.

सांधेसुधे
सहमत. लसीसाठी बाळ ६, १०, १४ आठवड्यांना येतंच. मांडी उघडून बघायला पाव मिनिट लागतं.

मावळतीचा_वारा
घरगुती सवयींवर थोडं, कारण इथे खरंच फरक पडतो.

पाय सरळ करून, जोडून, दुपट्यात घट्ट बांधणं ही सगळ्यात वाईट सवय. नवजात बाळाचे खुबे आणि गुडघे नैसर्गिकपणेच दुमडलेले असतात, पूर्ण सरळ होत नाहीत. ते जबरदस्तीने सरळ बांधले की पुढचा सोआस स्नायू आणि मागचे स्नायू ताणले जातात आणि गोळा वाटीतून बाहेर लोटला जातो. जपानमध्ये १९७०च्या दशकात बाळांचे पाय असे बांधू नका अशी मोहीम झाली, त्यानंतर निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. उलट आफ्रिकेच्या ज्या भागांत बाळ पाठीवर पाय फाकवून बांधतात तिथे हा दोष फारसा आढळत नाही. आपलं कडेवर घेणं त्याच जातीचं. मान धरायला लागल्यावर खुशाल घ्या.

दुपटं हवंच असेल तर छाती-हात गुंडाळा, कमरेखाली ते पिशवीसारखं ढिलं ठेवा. गुडघे दुमडून बाहेर पडता आले पाहिजेत.

मालिश: तेल लावा, चोळा, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते शेवटच्या 'व्यायामा'त. घोट्याला धरून उलटं टांगणं, पाय ओढून सरळ करणं, दोन्ही पाय जोडून ताणणं, हे माखणाऱ्या बाईंना स्पष्ट नाही म्हणून सांगा. गुडघे दुमडून पोटाकडे नेणं आणि बेडकासारखं हलकं उघडणं चालतं. आजीला वाईट वाटेल, पण पाय बांधल्याने ते सरळ होत नसतात. तान्ह्या बाळाचा पाय थोडा धनुष्यासारखा असतोच, पुढे आपोआप सरळ होतो.

कॅरिअर घेतलात तर बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद हवी, गुडघे ढुंगणाच्या पातळीला किंवा वर. पाय सरळ खाली लोंबणारे नकोत.

खटपट्या
दोन-तीन लंगोट किंवा डबल डायपर लावले की खुबा बसतो असं आमच्याकडे सर्रास सांगतात.

सांधेसुधे
तो उपचार नाही. खुबा ठरावीक कोनात दुमडून धरायचं काम डायपरने होत नाही. त्यात महिना-दीड महिना जातो आणि पट्ट्याचा सोपा काळ निसटतो, खरं नुकसान ते.

सहा महिन्यांच्या आत पहिला उपाय पाव्लिक हार्नेस. चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्लिक यांनी १९४०च्या दशकात तो बनवला. त्यांचं म्हणणं, सांधा जखडून ठेवू नका, बाळाला लाथा मारू द्या, गोळा स्वतःच जागा घेईल. खांद्यांवरून दोन पट्टे, छातीभोवती एक, पायांना मोजे. पुढचा पट्टा मांडी ९० ते १०० अंशांत दुमडून ठेवतो. मागचा पट्टा गुडघे आत येऊ देत नाही. तो मांड्या ओढून उघडण्यासाठी नाही, मांड्या बाळाच्या पायांच्या वजनाने उघडतात.

मोजमाप: छातीचा पट्टा स्तनाग्रांच्या रेषेत, आत दोन बोटं सहज जातील इतका. मोज्याचा वरचा बंद गुडघ्याच्या लगेच खाली. मागचा पट्टा इतकाच घट्ट की गुडघे जवळ आणले तरी मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर राहावं.

चुका तीन. पुढचा पट्टा जास्त ओढला की मांडी पोटाला चिकटते आणि जांघेतली नस दाबली जाते. बाळ त्या पायाने गुडघा सरळ करून लाथ मारेनासं होतं. रोज आंघोळीच्या वेळी लाथ बघा. ती दिसली नाही तर त्याच दिवशी फोन करा, पट्टा सैल केला की बहुधा नस सावरते. मागचा पट्टा घट्ट केला की मांडी जास्त उघडते आणि गोळ्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. त्याने गोळ्याचं हाड खराब होतं, आणि हे नुकसान मूळ दोषापेक्षा वाईट. तिसरी चूक आम्हा डॉक्टरांची. निखळलेला गोळा तीन आठवड्यांत आत बसला नाही तरी पट्टा तसाच चालू ठेवणं. बाहेरच्या जागी दुमडलेला गोळा वाटीची मागची कड झिजवतो. सोनोग्राफीत तो आत दिसत नसेल तर पट्टा थांबवून पुढची पायरी घ्यायची.

सुरुवातीला २३-२४ तास, साधारण ६ ते १२ आठवडे, दर एक-दोन आठवड्यांनी तपासणी. बाळ वाढतं तसे पट्टे डॉक्टरच सैल करतील.

वॉर्डातली_ताई
पट्ट्यात घरी काय करायचं ते मी लिहिते.

पट्टा जिथे अडकवलाय तिथे पेनाने खूण करून घ्या, म्हणजे सुटला तरी त्याच जागी लागेल. खूण नसेल तर अंदाजाने लावू नका. आत सुती झबलं, गुडघ्यापर्यंत मोजे. डायपर पट्ट्यांच्या आतून, बदलताना पाय धरून उचलायचं नाही, ढुंगणाखाली हात घालायचा. अंगाला ओला फडका. गुडघ्यामागची, जांघेतली आणि मानेची घडी रोज पुसून कोरडी करा, लाली तिथेच येते. पट्ट्याखाली पावडर किंवा तेल नको, ते साचून कातडी सोलते. झोप पाठीवरच. कुशीवर झोपवलं तर वरचा गुडघा आत पडतो. पाजताना बाळाचे पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना ठेवून समोरून घेतलं तर बरं पडतं.

पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होते. पण बाळ थांबतच नसेल, पाय सुजला असेल किंवा बोटं निळसर दिसली तर वाट बघू नका.

गावरान_शेव
आणि सहा महिन्यांनंतर सापडलं तर? आमच्याकडे बरीचशी तेव्हाच येतात, काही तर चालायला लागल्यावर.

सांधेसुधे
६ ते १८ महिन्यांत भूल देऊन हाताने खुबा बसवतात. सांध्यात रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर खात्री करतात. लागलं तर मांडीच्या आतला आखडलेला स्नायू छोट्या छेदाने सैल करतात आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर (स्पायका). एकूण साधारण तीन महिने, मध्ये एकदा बदलतात. प्लास्टरनंतर एमआरआय किंवा सीटी काढून गोळा आत असल्याचं बघणं महत्त्वाचं, कारण साध्या एक्स-रेत मागे सरकलेला गोळा प्लास्टरमधून नीट कळत नाही.

काही वेळा हाताने का बसत नाही? वाटी रिकामी राहिली की तिच्यात चरबी भरते, आतला बंध जाड होतो, लॅब्रमची कड आत वळते आणि सोआसच्या दोरीने सांध्याची पिशवी मध्येच आवळली जाते. दार उघडं आणि खोली अडगळीने भरलेली, अशी अवस्था. मग उघडून साफ करावं लागतं. दीड वर्षानंतर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच. वाटीचं छत फिरवावं लागलं तर साल्टर, पेम्बर्टन किंवा देगा पद्धतीने हाड कापतात. दोन-तीन वर्षांनंतर मांडीचं हाडही थोडं आखूड करावं लागतं, नाहीतर गोळा दाबाखाली बसतो आणि रक्तपुरवठा जातो.

चालणाऱ्या मुलात: एका बाजूचं असेल तर लंगडणं आणि त्या पायाची टाच उचललेली. दोन्ही बाजूंचं असेल तर फेंगडी डोलती चाल, कमरेत खोल बाक, पोट पुढे. 'उशिरा चालायला लागलंय, सुधारेल' म्हणून सोडू नका.

वॉर्डातली_ताई
स्पायकाची काळजी, कारण यात घरचे सगळ्यात जास्त हैराण होतात.

साधं पीओपी पूर्ण सुकायला एक-दोन दिवस लागतात. तोवर तळहातांनी उचला, बोटांनी नाही, बोटांचे खळगे आत रुततात. पायांमधल्या दांडीला धरून कधीही उचलू नका, ती मोडली की पुन्हा भूल.

डायपर दोन. लहान मापाचा एक, चिकटपट्ट्या कापून, प्लास्टरच्या कडेच्या आत चहूकडून खोचायचा. मोठा दुसरा, प्लास्टरच्या वरून. आतला दर दोन तासांनी बघा, रात्रीही एकदा-दोनदा. कडांना वॉटरप्रूफ टेपचे छोटे तुकडे पाकळ्यांसारखे चिकटवून घ्या. झोपवताना डोक्याकडची बाजू थोडी उंच, म्हणजे लघवी वर न जाता डायपरकडे येते. दर दोन-चार तासांनी कूस बदला. जागं असताना समोर बसून पालथं ठेवा, छातीखाली उशी.

रोज पायाची बोटं बघा: गुलाबी, कोमट, दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत. खाज आली तर काडी, पट्टी, सुई काही आत घालायचं नाही. हेअर ड्रायर थंड हवेवर धरा. जेवण थोडं थोडं, पोट फुगलं की प्लास्टर आवळतं. उलट्या आणि पोट टच्च, ताप, आतून कुजका वास, नवा डाग, न थांबणारं रडणं: थेट हॉस्पिटल.

प्लास्टर काढल्यावर कातडीवर पिवळसर कोंडा असतो. खरवडू नका, तेल लावून दोन-चार दिवसांत निघतो. पाय लगेच सरळ होत नाहीत, ओढू नका.

खटपट्या
एक शंका. बाळ एक पाय अजिबात हलवत नाही, हात लावला की किंचाळतं, हेही डीडीएच का?

सांधेसुधे
नाही! बरं झालं विचारलंत. डीडीएच दुखत नाही. तान्हं बाळ एक पाय टाकून देतं, डायपर बदलताना किंचाळतं, पीत नाही, तर सांध्यात पू झाल्याची शंका घ्यायची. नवजात बाळात ताप नसतानाही असं होतं. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्त, पू निघाला तर त्याच दिवशी सांधा धुणं. उशीर झाला तर गोळाच नष्ट होतो.

ध्वनिलहरी
पाठपुराव्याचा मुद्दा राहिला. पट्टा काढल्यावरही उथळपणा परत दिसू शकतो. म्हणून सहा महिन्यांना एक्स-रे, मग वर्षाला, चालू लागल्यावर, नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून. एक्स-रेत छताचा कलता कोन (असेटॅब्युलर इंडेक्स) जन्माच्या सुमारास साधारण ३०च्या आत हवा आणि दोन वर्षांपर्यंत २४-२५च्या खाली यायला हवा. एका आकड्यापेक्षा तो दर वेळी उतरतोय का हे बघतात, त्यामुळे जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा.

एक्स-रे काढताना बाळाला सरळ ठेवायला वेळ द्या, कंबर फिरली की कोन बदलतो. फिल्मवर कमरेच्या खालची दोन्ही अंडाकृती भोकं (ऑब्ट्युरेटर) सारख्या आकाराची दिसली पाहिजेत. एक मोठं, एक बारीक असेल तर फिल्म तिरकी आहे, तिच्यावरून 'बिघडलं' किंवा 'सुधारलं' ठरवू नये, पुन्हा काढून घ्या.